तारामतीची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"यंदा काय काय वाचलेत ते सांगा," अशी आज्ञा चिटणीसबाईंनी केली, तेव्हा मी प्रथम घाबरलेच. आपल्या मंडळात नेमाने ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या भगिनी आहेत. त्यांच्यापुढे माझे वाचन ते काय? सगळे सिनेमाचे! लहानपणापासून मला सिनेमाचे वेड. त्यापायी आईची बोलणीही पुष्कळ खाल्ली. पुढे वय वाढले, गुडघे कुरकुरू लागले, थिएटरचे जिने नकोसे झाले, तेव्हा मी सिनेमा पाहण्याऐवजी सिनेमाविषयी वाचू लागले. वाचनालयातून एकेक पुस्तक आणीत गेले. त्यांत निबंध होते, चरित्र होते, आत्मचरित्रे होती आणि थोडाफार इतिहासही होता. वाचता वाचता एक गोष्ट मनात अशी रुतून बसली आहे की, ती तुमच्यापुढे मांडल्यावाचून मला चैन पडणार नाही. तिच्यापायी तुमच्याकडे एक मागणेही मागायचे आहे. पण ते शेवटी.

राजा हरिश्चंद्राची कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. राजाने स्वप्नात दिलेले दान जागेपणी खरे केले. राज्य गेले, वैभव गेले. दक्षिणा द्यायला काही उरले नाही, तेव्हा राणी तारामती बाजारात उभी राहिली आणि रोहिदासासह विकली गेली. परक्याच्या घरी तिने धुणीभांडी केली. दान राजाने दिले खरे, पण त्याची किंमत मोजताना राणीचा वाटा काही कमी नव्हता. तरीही कथेला नाव राजाचेच! आपला भारतीय चित्रपट या कथेपासून सुरू झाला, हा योगायोग मला आता फार बोलका वाटतो.

आधी निबंधांविषयी सांगते. दादासाहेब फाळके यांनी १९१७-१८ च्या सुमारास 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेख लिहिले. १९१० सालच्या नाताळात गिरगावातल्या 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता, पण यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. आपल्या देवांना पडद्यावर केव्हा पाहू, या विचाराने त्यांना घेरले. मग लगोलग ते पत्नीला, सरस्वतीबाईंना, तोच चित्रपट दाखवायला घेऊन गेले. घरात पैशांची चणचण. त्यासाठीही शेजारून उसनवारी करावी लागली. भारतीय सिनेमाच्या जन्माला असा शेजारधर्माचाही हातभार लागला आहे. शेजारणींनो, उसने द्यायला कधी कुरकुरू नका! त्यातून काय उभे राहील, सांगता येत नाही.

त्यानंतर मी बापू वाटवे यांनी लिहिलेले फाळक्यांचे चरित्र वाचले. दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ साली ते विलायतेला गेले आणि कॅमेरा व कोरी फिल्म घेऊन आले, हे मला ठाऊक होते. मात्र घरात काय चालले होते, इकडे मी कधी लक्षच दिले नव्हते.

त्या काळी कोरी फिल्म काठाच्या भोकांशिवाय यायची. यंत्राच्या दात्यांना धरायला भोके हवीत, नाहीतर फिल्म पुढे सरकणार कशी? ही भोके घरीच, अंधारात पाडावी लागत. दिव्याचा कवडसा पडला तरी सगळी फिल्म फुकट! हे काम सरस्वतीबाई करीत. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधायचा, वाढायचा, पोशाख धुवायचे आणि रात्री फिल्म घेऊन बसायचे. फिल्म धुण्याची रसायने कालवायलाही त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी पात्रांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून त्या भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. अंगावरचे दागिनेही त्यांनी याच धंद्यापायी काढून दिले. आणि हे सारे पदरी लहान मुले असताना!

आता पाहा. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामतीचे काम कोणी केले? साळुंके नावाच्या एका तरुणाने. तारामतीसाठी बाई मिळावी म्हणून दादासाहेबांनी पुष्कळ खटपट केली, अगदी नायकिणींच्या वस्तीतही विचारून पाहिले. पण सिनेमात यायला तिथेही कोणी तयार होईना. शेवटी एका खाणावळीत हा नाजूक हातांचा स्वयंपाकी त्यांना दिसला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत. दादासाहेबांनी पंधरा देऊ केले. पुढे १९१७ सालच्या 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. साळुंक्यांच्या कामाला मी नावे ठेवीत नाही. पण मनात आल्याखेरीज राहत नाही की, पडद्यावर लुगडे नेसून एक पुरुष तारामती झाला होता आणि खरीखुरी तारामती स्वयंपाकघरात साठ माणसांची पाने वाढीत होती. दादासाहेबांनी निबंध लिहिले, म्हणून त्यांचे मन आपल्याला त्यांच्याच शब्दांत कळते. सरस्वतीबाईंविषयी मी जे वाचले, ते दुसऱ्यांनी लिहिलेले. अंधाऱ्या खोलीत फिल्म हाताळताना त्यांच्या मनात काय येत असेल?

'हरिश्चंद्रा'पाठोपाठ 'मोहिनी भस्मासुर' निघाला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या मातोश्री. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या स्त्रिया म्हणून या मायलेकींचे नाव घेतले जाते. पण दोघींनी दार उघडले म्हणून सगळे घर उघडे होत नाही. १९२७ साली सरकारने रंगाचारियर समिती नेमली. तिने देशभर फिरून साडेतीनशेवर साक्षी घेतल्या. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या स्त्रिया चित्रपटात का येत नाहीत, ही चर्चा तिच्यापुढेही झालीच.

त्याचे उत्तर मला दुर्गाबाई खोट्यांच्या आत्मचरित्रात सापडले. 'मी, दुर्गा खोटे' हे पुस्तक १९८२ साली आले, तेव्हा दुर्गाबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली होती. माहेर लाडांचे, सुखवस्तू आणि सुशिक्षित. सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली मुलगी. सासरही मोठे, पण ते वैभव ओसरले, पतीची मिळकत बेताची आणि पदरी दोन मुलगे. १९३१ साली 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले. चित्रपट अगदी टाकाऊ निघाला. झाले! माहेर आणि सासर या दोन्ही घराण्यांच्या नावाला बट्टा लावला, असा गहजब झाला. गरज कशाची होती, हे किती जणांनी विचारले असेल?

पण त्याच कामावरून शांतारामबापूंची नजर त्यांच्याकडे गेली. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने पहिला मराठी बोलपट काढायला घेतला होता. त्याचे नाव 'अयोध्येचा राजा', म्हणजे पुन्हा हरिश्चंद्राचीच कथा आणि पुन्हा राजाचेच नाव! हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि तारामती झाल्या दुर्गाबाई. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी तो मुंबईत मॅजेस्टिकला लागला. तेव्हा पार्श्वगायन नव्हते. कॅमेरा चालू असतानाच अभिनय करायचा आणि गायचेही. कालपर्यंत जिला लोक बोल लावीत होते, तिला आता तेच लोक डोक्यावर घेऊ लागले. साळुंक्यांच्या तारामतीपासून दुर्गाबाईंच्या तारामतीपर्यंत यायला एकोणीस वर्षे लागली.

पुढे त्यांना अकाली वैधव्य आले, नंतर तरणाताठा मुलगाही गेला, पण काम सुटले नाही. 'अमरज्योती'तली सौदामिनी, 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आपण सर्वांनी पाहिली. १९८३ सालचा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. सरस्वतीबाईंच्या घरात सुरू झालेल्या धंद्यातला हा सर्वोच्च मान एका तारामतीला मिळाला, हे वाचून मला फार बरे वाटले. पण त्याहून मला मोलाचा वाटतो तो पुस्तकाच्या नावातला पहिला शब्द, 'मी'. आता गोष्ट तारामती स्वतः सांगते आहे!

यानंतर मी जे पुस्तक वाचले, ते वाचून दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका'. याच नावाचा त्यांचा १९५९ सालचा तमाशापट पुण्यात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला होता. पुस्तक आले १९७० साली. ती हकीकत हंसाबाईंनी सांगितली आणि अरुण साधूंनी ती शब्दबद्ध केली. पुढच्याच वर्षी, पन्नाशीही गाठण्याआधी, हंसाबाई गेल्या.

त्यांचे खरे नाव रतन साळगावकर. कोवळ्या वयात घरच्या गरजेपायी त्यांना चित्रपटात घातले. पण घराण्याचे नाव पडद्यावर नको, म्हणून त्या वाडकर झाल्या. भगिनींनो, हे जरा मनात घोळवून पाहा. मुलीची कमाई घराला चालते, पण घराचे नाव मुलीला द्यायला चालत नाही! 'संत सखू' पाहून ज्या बायांनी डोळे पुसले, त्यांतल्या किती जणींना ठाऊक असेल की, या सखूला घरी बसून संसार करायची केवढी हौस होती? पण कमावत्या बाईला घरी बसवणार कोण? घर सोडणे, परत येणे, दारू, फसवणूक, काहीही त्यांनी झाकलेले नाही. स्वतःची चूकही झाकलेली नाही. पुढे याच पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' चित्रपट काढला, आणि त्यातल्या कामाबद्दल स्मिता पाटीलला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

जुन्या मूकपटांपैकी आज फारच थोडे शिल्लक आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला जुन्या फिल्म ठेवलेल्या कोठीला आग लागली आणि कितीतरी ठेवा जळाला. ती फिल्मच अशी ज्वालाग्राही, की पेटली की विझत नाही. फिल्म जळते, चेहरे पुसले जातात. मागे राहते ते कोणीतरी लिहून ठेवलेले. आणि जिचे कोणी लिहिले नाही, तिचे काहीच राहत नाही.

आता माझे मागणे सांगते, आणि त्याआधी एक कबुली देते.

आपल्या मागच्या गल्लीत एक वयस्क बाई एकट्या राहतात. नाव घेत नाही. तरुणपणी वीसेक वर्षे त्यांनी चित्रपटात घोळक्यातल्या नाचाची कामे केली. नायिकेच्या मागे आठ-दहा जणी नाचतात ना, त्यांतली एक. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करताना त्यांचे नाव निघाले. कोणीतरी म्हणाले, "त्या सिनेमातल्या ना?" आणि यादी पुढे सरकली. मी तिथेच बसले होते. सिनेमाची एवढी भक्त मी! घरात नट्यांच्या चित्रांची वही जपून ठेवणारी मी! पण माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ज्यांनी दुर्गाबाईंना बोल लावले, त्यांच्यात मी असते तर काय केले असते, हे मला त्यावरून कळून चुकले आहे.

'सांगत्ये ऐका' वाचून संपले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. माफी कशी मागावी ते सुचेना, म्हणून पुस्तकाविषयीच बोलत राहिले. त्यांनी चहा केला. मग हळूहळू बोलू लागल्या. पावसाच्या गाण्यासाठी दिवसभर ओल्या कपड्यांत नाचायचे. पैसे मधला माणूस वाटायचा. हातात किती पडणार, ते संध्याकाळीच कळायचे. त्यावर त्यांनी दोन भावांची शिक्षणे केली. मी विचारले, "हे कुठे लिहून ठेवलेत का?" त्या हसल्या नि म्हणाल्या, "अहो, घोळक्यातल्या बाईला कोण विचारतंय?"

म्हणून माझे मागणे असे. येत्या संक्रांतीला त्यांना मंडळात रीतसर बोलवावे. आमंत्रण द्यायला मी स्वतः जाईन. वाण तर द्यावेच, पण शेजारी बसून त्यांचे ऐकावे. आपल्या मुलीबाळींतल्या एखादीने ते लिहून घ्यावे, आणि त्यांची संमती असेल तर पुढच्या स्मरणिकेत छापावे. आणि त्यांच्यापाशीच थांबू नये. अंधारात बसून कोणाच्या तरी फिल्मला भोके पाडणाऱ्या आपल्यातही थोड्या नाहीत. ज्यांची नावे कोणत्याच पाटीवर येणार नाहीत, त्यांनी आपापली गोष्ट सांगावी आणि बाकीच्यांनी ती ऐकावी.

मी बोलले ते पसंत पडले असेल तर टाळ्या वाजवू नका. त्या यादीत ते नाव घाला. एवढे सांगून आपली रजा घेते.