हीटर कमी केला आणि डाग वाढले

पीव्हीसी फिटिंगच्या मोल्डिंगवर मी नवा होतो. पीसवर गेटजवळ तपकिरी डाग यायला लागले. माल जास्त तापतोय असं वाटून मी बॅरल 190 वरून 180 अंशांवर आणला. डाग वाढलेच!

का? थंड माल घट्ट होतो. तोच त्याच वेगाने बारीक गेटमधून रेटला की थरावर थर घसरतात. हेच शिअर. त्यातून मालाच्या आतच उष्णता तयार होते, आणि ती हीटरच्या आकड्यात दिसत नाही, बरं का. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो. तो जळणं आणखी वाढवतो, मोल्डही गंजवतो.

माझं नाक झोंबायला लागलं. सिनियर ओरडले, "अरे, इंजेक्शन स्पीड कमी कर आधी!"

केला. डाग गेले. जळालेले पीस मात्र ग्राइंडरमध्येही घालता आले नाहीत.