खरं कुणाला सांगायचं?



आपल्या पत्रकारांच्या संमेलनांत बाहेरून येणाऱ्या दबावांवर पुष्कळ बोललं जातं: सरकार, मालक, जाहिरातदार. आज मी आपल्या आतल्या मोहाबद्दल बोलणार आहे. कुणीतरी चोरलेली खासगी माहिती आपल्या टेबलावर येऊन पडते. ती चटकदार असते, बहुधा खरीही असते. अशा वेळी आपण काय करायचं?

जुलै २०१५ मध्ये कॅनडातल्या ‘ॲशली मॅडिसन’ या संकेतस्थळाची माहिती ‘इम्पॅक्ट टीम’ नावाच्या हॅकरांनी चोरली. विवाहितांची लफडी जुळवून देणं हाच या कंपनीचा धंदा होता आणि त्याची ती राजरोस जाहिरात करत होती. हॅकरांनी धमकी दिली, दुकान बंद करा, नाहीतर सगळी नावं बाहेर काढू. कंपनी बधली नाही. १८ ऑगस्टला सुमारे ३ कोटी ६० लाख खात्यांची माहिती चव्हाट्यावर आली. त्यात ईमेल होते, पत्ते होते, कार्डावरचे व्यवहार होते आणि माणूस जिवलग मित्रालाही सांगणार नाही अशा लैंगिक आवडीनिवडी होत्या.

पुढचं तुम्हाला ओळखता येईल. नावं शोधून देणारी संकेतस्थळं निघाली. यादीतल्या माणसांना बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारे ईमेल जाऊ लागले. यादीत सौदी अरेबियातले पत्तेही होते, आणि तिथे व्यभिचाराला देहदंडापर्यंतची शिक्षा होऊ शकते. २४ ऑगस्टला टोरोंटोच्या पोलिसांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की, या प्रकरणाशी जोडल्या जाणाऱ्या दोन आत्महत्यांची माहिती आपल्याकडे आली आहे, मात्र तिची पुष्टी झालेली नाही. ऑस्ट्रेलियात एका बाईने रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून नवऱ्याबद्दलचा संशय बोलून दाखवला. निवेदकांनी यादी तपासली आणि कार्यक्रम सुरू असतानाच नवऱ्याची माहिती त्यात असल्याचं तिला सांगून टाकलं.

“पण त्या बाईला कळायला नको होतं का?” असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. जोडीदाराने फसवलं असेल, तर ते जाणून घेण्याचा तिला पुरेपूर हक्क आहे. तिच्या आरोग्याचा, पैशाचा, मुलांचा प्रश्न त्यात गुंतलेला असतो. पण तो हक्क तिचा आहे, श्रोत्यांचा नाही. कळल्यावर रडायचं की भांडायचं, वेगळं व्हायचं की माफ करायचं, हे ठरवायला तिला एकांत हवा होता. हजारो अनोळखी माणसं ऐकत असताना ते कळलं, तेव्हा नवऱ्यापाठोपाठ आणखी कुणीतरी तिला लुबाडलं. नवऱ्याची अब्रू गेली तेव्हा तिचीही गेली, आणि तिची तर काही चूकही नव्हती.

शिवाय यादीत नाव असणं हा पुरावाच नव्हता. खातं उघडताना ही कंपनी ईमेलची खातरजमा करत नसे. कुणीही कुणाच्याही पत्त्यावर खातं उघडावं! कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या गोपनीयता आयुक्तांनी २०१६ च्या संयुक्त अहवालात यावर बोट ठेवलं. म्हणजे ज्या माणसाने ते संकेतस्थळ कधी पाहिलंही नाही, त्याचा पत्तासुद्धा यादीत असू शकत होता.

चोरीच्या कागदाला हात लावूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. याच माहितीतून एक खरी बातमी निघाली. १९ डॉलर घेऊन तुमची माहिती समूळ पुसतो असं कंपनी सांगत होती आणि पैसे घेऊनही ती साठवून ठेवत होती. पुरुषांना झुलवण्यासाठी तिने बायकांची खोटी खाती उभी केली होती. सुरक्षेचा पुरस्कार मिळाल्याचं संकेतस्थळावर मिरवलेलं चिन्हही खोटंच होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीला १६ लाख डॉलर भरावे लागले. या लबाड्या उघड करायला एकाही ग्राहकाचं नाव छापावं लागलं नाही. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञानेही असंच तारतम्य दाखवलं. फुटलेल्या माहितीत आपला ईमेल आहे का, हे तपासण्याची सोय तो लोकांना देतो. या वेळी मात्र ईमेल आपलाच आहे हे सिद्ध करणाऱ्यालाच उत्तर मिळेल, असा नियम त्याने केला.

मुंबईच्या इतिहासातलं एक उदाहरण या संदर्भात आठवतं. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी ‘महाराज’ म्हणवणारे वैष्णव धर्मगुरू भक्तांच्या लेकीसुनांचं शोषण करतात, असं १८६० मध्ये छापलं. त्यांतल्या एका महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८६२ मध्ये कोर्टात डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले आणि आपल्याकडे उपचार घेतलेल्या महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल शपथेवर बोलले. डॉक्टराने रुग्णाचं गुपित सांगावं? तिथे धर्माची सत्ता वापरून बायका नासवल्या जात होत्या, म्हणून ते सांगणं योग्य होतं. आणि ते सांगितलं गेलं कोर्टात, उलटतपासणीला सामोरं जाऊन. सत्तेचा गैरवापर आणि एखाद्या कारकुनाचं लफडं यांत हा फरक आहे.

दुसरा धडा घरचाच. १८८२ मध्ये ‘केसरी’चे आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक डोंगरीच्या तुरुंगात गेले. कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांची म्हणून मिळालेली पत्रं खरी मानून त्यांनी दिवाणांविरुद्ध लिहिलं होतं, आणि ती बनावट निघाली. दोघांचा हेतू शुद्ध होता, विषय सार्वजनिक होता, तरी कागदाने दगा दिला. मग हॅकरने टाकलेल्या, कुणीही फेरफार करू शकेल अशा यादीवर आपण किती भरवसा ठेवायचा?

आपल्या कायद्यानेही काही रेषा आखल्या आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पुढच्या वर्षी भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ रद्द झालं, व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही. तो घटस्फोटाचं कारण मात्र आहे. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार त्या खटल्याची सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा वृत्तांत छापायला मनाई आहे. म्हणजे बेइमानीचा पुरावा दडपावा असं कायदा म्हणत नाही. तो कुणासमोर मांडायचा, एवढं तो ठरवून देतो.

म्हणून या संमेलनाने एक ठराव करावा, असं मी सुचवतो. चोरलेली खासगी माहिती हाती आली, तर कोणाचंही नाव छापण्याआधी डेस्कने तीन गोष्टी लेखी नोंदवाव्यात. या माणसाने कोणती सार्वजनिक सत्ता किंवा विश्वास वापरून कुणाचं नुकसान केलं? माहिती खरी असल्याचं यादीबाहेरचं प्रमाण काय? नाव न छापता ही बातमी सांगता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल किंवा तिसऱ्याचं उत्तर ‘होय’ असेल, तर नाव छापू नये. उद्या अशी यादी व्हॉट्सॲपवर सगळ्यांकडे पोचलेलीच असेल. “आता लपवून काय उपयोग” असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना सांगावं, गावभर झालेली कुजबुज आमच्या पानावर आली की तिला आमच्या नावाचा शिक्का मिळतो, आणि तो शिक्का कशावर मारायचा हे आमचं आम्ही ठरवतो.