६१७४ आणि साडेचारशे रुपये

आज एका आकड्याची गोष्ट सांगते. आकडा आहे ६१७४. वही-पेन जवळ घ्या.

कोणतेही चार आकडे घ्या, फक्त चारही सारखे नकोत. समजा, ३, ५, २, ४. त्यांची मोठ्यात मोठी संख्या ५४३२, लहानात लहान २३४५. वजाबाकी केली, ३०८७ आले. आता या आकड्यांचं तसंच करा. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा करा. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ चं केलं तर? ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च! कुठलेही आकडे घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथंच येऊन थांबाल. मध्ये शून्य आलं तर तेही धरायचं, एवढंच.

हे १९४९ साली शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. नाशिकजवळ देवळालीला ते शाळेत शिक्षक होते. बीएस्सीच्या पुढं शिकलेले नव्हते. पुष्कळांनी त्यांच्या कामाला आकड्यांचा खेळ म्हणून बाजूला सारलं. पुढं १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर झालं.

तुम्ही म्हणाल, ताई, आमच्या गटाला याचा काय उपयोग? ऐका.

आकड्यांची अदलाबदल करून वजाबाकी केली, की उत्तराला ९ नं भाग जातोच. कारण साधं आहे. दहाची नोट जाऊन रुपया आला तर फरक ९ चा, शंभराच्या जागी दहा आले तर ९० चा, हजाराच्या जागी शंभर आले तर ९०० चा.

खटाव तालुक्यातल्या एका गटात मागं वहीपेक्षा ४५० रुपये कमी भरले. सगळ्यांची नजर वही लिहिणाऱ्या वहिनींकडं. त्या रडकुंडीला आल्या, म्हणाल्या, "मी पदरचे भरते, पण मला चोर म्हणू नका." मी म्हटलं, थांबा. ४ अधिक ५ अधिक ०, बेरीज ९. म्हणजे ४५० ला ९ नं भाग जातो. आकडे उलटसुलट झाले असतील. एकेक पावती वहीशी ताडली. एका हप्त्याची पावती १२७० ची, वहीत लिहिले होते १७२०. पैसे कुठंच गेले नव्हते. ज्या आक्का सगळ्यांत मोठ्यानं बोलल्या होत्या, त्यांनीच उठून वहिनींना पाणी दिलं.

एक लक्षात ठेवा. ९ नं भाग गेला म्हणजे चूक तीच असं नाही, पण आधी तिथं शोधायचं. भाग गेला नाही, तर पावती राहिली का, बेरीज चुकली का ते बघायचं. आणि बाईवर बोट दाखवायच्या आधी वहीवर बोट ठेवायचं.

पुढच्या बैठकीत ६१७४ करून बघा. पोरांनाही दाखवा. येते मी. नमस्कार.