मेजावरील रणभूमी



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही त्या विषयांना रजा दिली आहे. आधुनिक युद्धातील एखादा प्रसंग, ठरावीक प्रमाणात केलेल्या दोन इंची पुतळ्यांच्या साहाय्याने, मेजावर हुबेहूब कसा उभा करावा, हा आमचा आजचा विषय. पाळीवरून सुटल्यावर आमच्या काही फिटर आणि रंगारी मंडळींना हा छंद लागला व त्यांच्या संगतीने आम्हांलाही लागला. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुष्कळसे शिक्षण रात्रीच्या वाचनाने आणि हातांनी काम करणाऱ्यांच्या शेजारी बसून झाले. तेव्हा आम्ही जे सांगणार ते कारागिराच्या बाकावरून सांगणार आहोत.

दिवाळीचा किल्ला आपल्यापैकी कोणी केला नाही? दगडविटांचा ढीग, त्यावर ओले गोणपाट, वर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेली मोहरी नाहीतर आळीव, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे. शिखरावर महाराज, वाटेवर मावळे, तोफा. आणि त्यांच्या जोडीला प्लॅस्टिकचे हिरवे शिपाई, कधी एखादा रणगाडासुद्धा! महाराजांचा पुतळा दरवाज्याच्या दुप्पट, वाघ मावळ्याएवढा आणि भाजीवाली बुरुजाहून उंच. यात पोरांचे काही चुकते असे आम्ही म्हणणार नाही. भक्तीच्या चित्रात ज्याचा मान मोठा त्याची उंची मोठी. आपल्या जुन्या शिल्पांतही ही रीत आढळते. पण ‘हुबेहूब’ हा शब्द उच्चारला की दुसरा कायदा लागू होतो, आणि तो कायदा म्हणजे प्रमाण.

या छंदात १:३५ हे प्रमाण फार चालते. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ‘पँथर’ या जर्मन रणगाड्याची प्रतिकृती काढली. तिच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जो आकार धरला, तो मोजून पाहता मूळच्या सुमारे एक-पस्तिसांश निघाला. पुढे तोच दंडक पडला. या हिशेबाने साडेपाच फुटी माणूस सुमारे ४८ मिलिमीटरचा होतो. मग तो सेनापती असो की खंदक खणणारा शिपाई असो, दोघांची उंची एकाच पट्टीने मोजायची. प्रमाण कुणाचा मुलाहिजा ठेवीत नाही. आम्हां कामगारांना हा छंद जवळचा वाटला तो याच गुणामुळे.

अशा देखाव्याला ‘डायोरामा’ म्हणतात. हा शब्द १८२२ साली पॅरिसमध्ये दागेर याने काढलेल्या एका प्रेक्षागृहामुळे रूढ झाला. पुढे छायाचित्रणाच्या शोधाने प्रसिद्ध झालेला तो हाच दागेर. तेथे प्रचंड पडद्यांवर चित्रे असत व त्यांवरील प्रकाश बदलून सकाळची संध्याकाळ करून दाखवीत. पुतळे मांडून लढाई उभी करण्याची कला मात्र वेगळ्या हातांनी वाढली. त्यातले एक उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला. पुढे विल्यम सायबोर्न नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यावर त्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम आले. १८३० साली त्याने रणक्षेत्रावरच्या एका शेतघरात आठ महिने मुक्काम ठोकला आणि जमिनीचा प्रत्येक उंचवटा मोजला. सरकारने १८३३ साली पैसे थांबवले. गृहस्थाने पदरमोड करून काम चालू ठेवले. १८३८ साली लंडनमध्ये ती प्रतिकृती लोकांसमोर आली तेव्हा तीत सत्तर हजारांहून अधिक धातूचे इवलेसे शिपाई उभे होते. आजही ती लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास कोणती पलटण नेमकी कोठे होती, हे ठरवण्यासाठी सायबोर्नने लढाईतून वाचलेल्या माणसांना पत्रे लिहिली. शेकडो उत्तरे आली. परंतु पत्रे गेली ती अधिकाऱ्यांकडे. वेलिंग्टनच्या गोटाला, मदतीस आलेल्या प्रशियन पलटणी इतक्या पुढे दाखवलेल्या रुचल्या नाहीत. त्यावरून मोठा वाद माजला, कारण विजयाचे श्रेय कोणाचे हे त्या धातूच्या ठिपक्यांवरून ठरणार होते. या वादात सरदार बोलले, सेनापती बोलले. ज्यांचे सत्तर हजार पुतळे मांडले होते, त्या साध्या शिपायांना मात्र तुम्ही कोठे होता हे विचारण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कारखान्याच्या कोनशिलेवर फीत कापणाऱ्याचे नाव असते, पाया खणणाऱ्याचे नसते. तशातलाच हा प्रकार.

एवढे लक्षात ठेवून आपण आपल्याच जिल्ह्यातील एक प्रसंग मेजावर घेऊ.

आपल्या आपटा स्टेशनावरून रोह्याच्या दिशेने निघालेले रूळ पुढे कोलाड, इंदापूर करीत माणगावला जातात. माणगाव तालुक्यात पळसगाव म्हणून गाव आहे. तेथले नायक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. कोकणातल्या गरीब घरातून बाहेर पडण्याच्या त्या काळी दोन वाटा: एक गिरणीची आणि दुसरी पलटणीची. देश स्वतंत्र नव्हता. हुकूम परक्याचा आणि रणभूमीही परक्याची. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, या पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शन म्हणजे साधारण दहा जणांची तुकडी. तीतील घाडग्यांखेरीज प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. आपल्याबरोबर यायला आता कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही घाडगे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी गन व ती चालवणारा निकामी केला, आणखी एकाला आपल्या टॉमीगनने टिपले. काडतुसांचा साठा संपला, नवा भरायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना त्यांनी ठार केले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावच्या तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे.

हा प्रसंग कोणाही छांदिष्टाला दिला तर तो काय करील? एक पुतळा, उगारलेली बंदूक, पायाखाली दोन शत्रू, संपले काम! देखणे होईल यात शंका नाही. पण सन्मानपत्र नीट वाचा. त्यात सबंध तुकडी पडल्याचे सांगितले आहे. घाडगे धावले ते त्या नऊ जणांच्या अंगावरून आलेल्या गोळ्यांच्या समोर धावले. सन्मानपत्रात नाव एकट्या घाडग्यांचे आहे. त्या नऊ जणांचे नाही. त्यांना वगळून केलेला देखावा कितीही बारकाईचा असला तरी तो दिवाळीच्या किल्ल्यासारखाच आहे. फरक इतकाच की त्यात एकाची उंची वाढवण्याऐवजी इतरांना नाहीसे केले आहे.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम जागेचा हिशेब करा. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फळी घेतली तर १:३५ प्रमाणात ती २१ मीटर लांब व साडेदहा मीटर रुंद जमीन झाली. जवळून झालेल्या माऱ्याला ती पुरते. याहून मोठे अंतर दाखवायचे तर १:७२ हे धाकटे प्रमाण आहे. पण त्यात माणूस २३ मिलिमीटरचा उरतो, आणि चेहऱ्यावरचा भाव मिळत नाही. आम्हांला चेहरे हवे आहेत, म्हणून आम्ही पहिले प्रमाण घेतो.

जमीन आधी, माणसे नंतर, हा क्रम मोडू नये. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा करून त्यावर कागदाचा लगदा, डिंक आणि लाकडाचा भुसा यांचा थर द्यावा. एका टोकाला चढ व त्यावर दगडांच्या गडग्याआड ठाणे. पाताळगंगेची वाळू चहाच्या गाळणीने चाळली की तिचे खडे या प्रमाणात बरोबर बसतात; न चाळलेला खडा मात्र धोंडा दिसतो. जुलै महिना इटलीत कोरड्या उन्हाळ्याचा. तेव्हा आपल्याकडच्या आषाढातली हिरवळ तेथे पेरू नका! काथ्या बारीक कापून पेवडीच्या पाण्यात बुडवला की वाळलेले गवत होते, आणि कोकणात काथ्याला काय तोटा? ऑलिव्हच्या झाडाचे पीळदार खोड हवे असेल तर झुडपाचे वाळलेले मूळ उलटे रोवावे. त्याच्यासारखे खोड हाताने घडत नाही.

पुतळ्यांचे संच बाजारात मिळतात. जर्मन, अमेरिकन, ब्रिटिश मुबलक, पण हिंदी शिपाई शोधावा लागतो. म्हणून ब्रिटिश शिपायाचा संच घेऊन त्याचे हात, मान, कंबर कापून नव्या ठेवणीने जोडावी लागते. फटी एम-सीलने भराव्यात. सांगाड्याला तांब्याची तार घेतली तर संपूर्ण पुतळाही घरी घडवता येतो. आपल्या पेणचे मूर्तिकार शाडूत जे करतात तेच हे लहान मापात. धावणाऱ्या माणसाचा तोल पुढे जातो. पडलेल्याचे वजन जमिनीत जाते. पडलेला पुतळा नुसता आडवा ठेवला तर तो खाटेवर झोपलेला दिसतो. त्याचा खांदा आणि टाच जमिनीत किंचित रुतली पाहिजे, म्हणजेच त्याच्यासाठी जमीन खरवडली पाहिजे. नऊ जणांच्या नऊ तऱ्हा करा. सर्वच ठार झाले नव्हते. एखादा कोपरावर उठून पुढे धावणाऱ्याकडे पाहत असावा. ती एक नजर सबंध देखावा बांधून ठेवते.

रंगाचे शास्त्र असे की, लहान वस्तूवर खरा रंग जसाच्या तसा लावला तर तो काळपट दिसतो. म्हणून खाकीत थोडा पांढरा मिसळावा. तो वाळल्यावर तपकिरी रंगाचे पातळ पाणी सोडावे. ते घड्यांत जाऊन बसते व सावली होते. मग कुंचला जवळजवळ कोरडा करून फिक्या रंगाने उंचवट्यांवर फिरवावा, म्हणजे ऊन पडल्यासारखे होते. गुडघे, कोपर आणि बुटांवर जमिनीचाच रंग हवा. स्वच्छ शिपाई म्हणजे संचलनातला शिपाई. डोळ्यांची आखणी शेवटी. पेणला ती अनुभवी हातांकडेच असते, तशी येथेही असावी. तांबड्या रंगाच्या बाबतीत हात आखडता घ्या. रक्त फार दाखवले की पाहणारा माणसाकडे पाहीनासा होतो.

प्रसंगाचा नेमका क्षण कोणता घ्यायचा? आमच्या मंडळींत यावर खूप खल झाला. शेवटी ठरले की घाव घालण्याचा क्षण घेऊ नये. बंदूक रिकामी झाली आहे आणि हात नळीकडे वळतो आहे, तो क्षण घ्यावा. त्या क्षणी समोरचे दोघे अजून जिवंत आहेत. त्यांचे चेहरेही तितक्याच काळजीने रंगवायचे. त्यांनाही कोणीतरी हुकूम दिला होता, तीही कोणा मजूर-शेतकऱ्याचीच पोरे असतील. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ मृत्यू पावले. २०२३ साली तेथील मोंतोने या गावात घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन त्यासाठी निवडले आहे. ज्या मातीत लढाई झाली तेथल्या लोकांना हे सुचले, याची आम्हांला मोठी किंमत वाटते.

कोणी म्हणेल, युद्धाचे खेळणे करून मुलांना युद्धाची गोडी कशाला लावता? शंका रास्त आहे. एकटा विजयी वीर मेजावर ठेवला तर गोडी लागेलच. पण ज्या मुलाने नऊ पडलेली माणसे स्वतःच्या हाताने घडवली, प्रत्येकाच्या बुटाला माती लावली, एकेकाचे डोळे आखले, त्याला युद्धाचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. रणगाडा खरोखर केवढा असतो हे त्याला पाहायचे असेल तर अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, रणगाडा संग्रहालय आहे. तेथे रणगाड्याशेजारी उभे राहिले की आपण केवढे आहोत हेही कळते.

आमची आपणांस एवढीच विनंती आहे. येत्या दिवाळीत महाराजांचा किल्ला तर कराच, पण सुट्टीत शाळेतल्या मुलांनी, आणि पाळी नसेल त्या दिवशी त्यांच्या वडिलांनीही, मिळून हा देखावा उभा करावा. खर्च वाटून घेतला तर झेपण्यासारखा आहे. दहाही पुतळे एका पट्टीने मोजावेत. खाली पाटी लावताना ‘नायक यशवंत घाडगे’ एवढ्यावर थांबू नये. ‘नायक यशवंत घाडगे आणि त्यांच्या तुकडीतील माणसे’ असे लिहावे. तेवढ्या चार शब्दांनी देखावा पुरा होईल.