आपला ठिपका कुठं?



आपली पोरं हल्ली मोबाइलवर परीक्षा देतात. आपण डावे की उजवे, ते तिथं कळतं म्हणे. शेवटी चार रंगांचे चार खण येतात, एका खणात लाल ठिपका. तो ठिपका पोरं छातीवर बिल्ला लावावा तशी मिरवतात.

ही ‘पोलिटिकल कंपास’ २००१ पासून चालू आहे. पाश्चात्त्य लोकशाह्या डोळ्यांपुढं ठेवून बनवलेली. बासष्ट विधानं, उत्तरं चारच : मान्य, पूर्ण मान्य, अमान्य, पूर्ण अमान्य. ज्योतिष खरं का, पोरांना फटका द्यावा का, आपला वंश श्रेष्ठ का, सगळं विचारतात. जात? एक शब्द नाही.

त्यात एक विधान येतं : गुन्हेगाराला सुधारण्यापेक्षा शिक्षा महत्त्वाची. आता मी काय दाबू? अ‍ॅट्रॉसिटीतला आरोपी आठवला तर पूर्ण मान्य. चोरीच्या संशयावरनं झोपडपट्टीतून उचललेलं पोर आठवलं तर पूर्ण अमान्य. माणूस तोच, डोकं तेच. ‘शिक्षा कुणाला, देणारा कोण’ हे विचारायला बटणच नाही. आणि १९८९ चा कायदा नीट राबवा म्हणून शिक्षेच्या बाजूनं बोट ठेवलं, की ठिपका सरकला हुकूमशाहीकडं! च्यायला, गावकीची हुकूमशाही कुठल्या रेघेवर मोजली?

रेघा मारणाराही कुणीतरी असतोच. अमेरिकेत डेव्हिड नोलननं १९६९ साली असाच तक्ता काढला. १९७१ साली लिबर्टेरियन पक्ष काढणाऱ्यांत हाच. त्या तक्त्यावरनं पुढं दहा प्रश्नांची चाचणी निघाली, तिच्यात त्याचाच विचार माथ्यावर. मुकादमानंच काटा आणायचा, वजनही त्यानंच लिहायचं.

बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांना दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. या चाचणीत दुसऱ्याला रेघ आहे, पहिल्याला नाही. त्याच साली ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला, तेव्हा लाल बावटा आणि बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष एकत्र उतरले. पण गिरणीत विणकाम खात्याचं दार अस्पृश्याला बंद होतं. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, सवर्ण विणकराला विटाळ होई.

त्या विणकराचा ठिपका टाकून दाखवा. संपात तो डावा. आणि धोट्यापाशी?