टाचदुखी आणि रेडिओफ्रिक्वेन्सी : घाई नको, हयगयही नको

(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, "काका, तुमच्याकडे टाचेवर ते करंटचे उपचार केले ना, त्यावर बोला. चार जणांनी मला विचारलंय." मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचायची सवय आहे. त्या सवयीने जे वाचलं, डॉक्टरांना खोदून विचारलं आणि घरात पाहिलं, तेवढंच सांगणार आहे.

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेकजण पन्नाशीच्या आतबाहेर होतो. आता इमारतीला गळती लागली आणि आपल्या टाचांना कळा. टाचदुखीने माणूस मरत नाही, पण घरात बसतो. आमच्या सौ.ची उजवी टाच दोन वर्षांपूर्वी दुखू लागली. आधी संध्याकाळची फेरी बंद झाली, मग देऊळ, मग भजनी मंडळ. मागच्या गणपतीत आरतीलासुद्धा त्या खाली आल्या नाहीत. चालणं थांबलं, वजन वाढलं, आणि वाढलेल्या वजनाने टाच आणखी दुखू लागली. म्हणून हा विषय किरकोळ समजू नका.

या दुखण्याचं नाव प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो तोलून धरतो. रात्री झोपेत हा पट्टा आखडतो आणि सकाळी पहिलं पाऊल टाकलं की एकदम ताणला जातो. सौ. म्हणायच्या, "अहो, टाचेत खिळा ठोकल्यासारखं वाटतं." चार पावलं चाललं की जरा बरं वाटतं आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. दर दहा माणसांपैकी एकाला तरी आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, असं डॉक्टर मंडळी सांगतात. आपल्याकडे बायका गुळगुळीत, कडक फरशीवर अनवाणी तासन् तास उभ्या राहून स्वयंपाक करतात, त्याचाही भार टाचेवर येतो.

आम्ही पहिल्यांदा एका ठिकाणी गेलो. एक्स-रे काढला, "हाड वाढलंय" म्हणाले आणि पहिल्याच भेटीत रेडिओफ्रिक्वेन्सीचं पॅकेज पुढे केलं. आठवड्यात पैसे भरले तर सवलत! आज सही केली तरच सवलत, असं म्हणणाऱ्याला बँकेत असताना मी चहासुद्धा विचारत नसे. आम्ही उठलो आणि दुसऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की एक्स-रेमध्ये दिसणारा हाडाचा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या पायातही असतो. दुखतो तो पट्टा, काटा नव्हे.

आता उपचारांचा क्रम. कर्ज थकलं म्हणून बँक पहिल्या दिवशी जप्ती आणत नाही. आधी फोन, मग पत्र, मग नोटीस. टाचेचंही तसंच आहे.

पहिली पायरी व्यायाम. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने बोटं नडगीच्या दिशेने ओढा, दहा अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ ठेवून पोटरी ताणायची. घरातही मऊ टाचेची स्लिपर घालायची. बर्फाची बाटली तळपायाखाली फिरवायची. (लाटणंही चालतं, पण त्यासाठी वेगळं ठेवा, घरात भांडण नको.) नेमाने हे केलं तर बहुसंख्य लोक वर्षभरात बरे होतात. अवघड काही नाही, पण चिकाटी लागते आणि आपण आठ दिवसांत कंटाळतो.

दुसरी पायरी स्टिरॉइडचं इंजेक्शन. आराम मिळतो, पण बहुधा काही आठवड्यांपुरता. पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. मधुमेह असेल तर साखर काही दिवस वाढते. शॉकवेव्ह उपचारही या टप्प्यावर सुचवतात.

सहा महिने, वर्षभर मनापासून प्रयत्न करूनही दुखणं हटलं नाही, तर मग रेडिओफ्रिक्वेन्सी. आम्ही तिथे १४ महिन्यांनी पोहोचलो.

हा शब्द ऐकून घाबरू नका. पाठीच्या आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यातही हे तंत्र वापरतात. टोक सोडून बाकी आवरण असलेली बारीक सुई टाचेतल्या नसेजवळ नेतात, बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीत पाहून. सुईतून उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडला की टोकाभोवतीचा भाग ८०-९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. एक-दीड मिनिटात ती नस दुखण्याचा निरोप मेंदूकडे पाठवेनाशी होते. दुसऱ्या, पल्स्ड प्रकारात तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. तिथे नस जाळत नाहीत, फक्त शांत करतात.

सौ.ना आधी नुसतं बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन पाहिलं. नेमकी हीच नस दुखणं पोहोचवते का, याची ती परीक्षा. त्या उठल्या आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून आल्या. म्हणाल्या, "अहो, पाय माझाच आहे ना?" मग पुढची तारीख घेतली. प्रत्यक्ष उपचारात पूर्ण भूल देत नाहीत, कारण सुई योग्य जागी आहे का हे रुग्णालाच सांगावं लागतं. सूक्ष्म करंट देऊन विचारतात, "रोज दुखतं तिथेच जाणवतंय का?" बोटं हलली तर सुई सरकवतात. मग जागा बधिर करून उष्णता देतात. त्याच दिवशी घरी. आठवडाभर टाच ठणकली. तीन आठवड्यांनी मात्र दहापैकी आठ असलेलं दुखणं त्या तीनवर सांगू लागल्या.

आता मुख्य मुद्दा. सोसायटीच्या ऑफिसचा फोन काढून ठेवला तर तक्रारी बंद होतात, गळती बंद होत नाही! रेडिओफ्रिक्वेन्सी दुखण्याचा फोन बंद करते, पट्टा दुरुस्त करत नाही. नस कालांतराने पुन्हा वाढू शकते आणि दुखणं परत येऊ शकतं. म्हणून जो आराम मिळतो, त्या काळात व्यायाम चालू ठेवायचा. सौ. आज ११ महिन्यांनीही पलंगावर बसून दहा अंक मोजतात.

पुरावा किती? २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काहींना खरा आणि काहींना खोटा उपचार दिला होता. खऱ्या उपचाराने स्पष्ट फायदा दिसला. पण रुग्ण होते फक्त १७. १७ खाती तपासून आम्ही शाखेचा ताळेबंद काढत नव्हतो. तेव्हा आशा ठेवा, हमी मागू नका. आणि कोणी हमी दिलीच, तर सावध व्हा.

सही करण्याआधी डॉक्टरांना हे विचारा :
१) माझं दुखणं नक्की टाचेच्या पट्ट्याचंच आहे का? हाडाला बारीक तडा, नस दबणं किंवा संधिवात नाही ना?
२) आधी बधिर करून परीक्षा घेणार का?
३) कोणता प्रकार, नस जाळण्याचा की पल्स्ड?
४) मला मधुमेह आहे. पाय आधीच बधिर असेल तर आणखी बधिरपणाने जखम झालेली कळणार नाही, त्याचं काय?
५) पेसमेकर आहे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, तर काय काळजी घ्यायची?
६) सगळा खर्च किती, आणि मेडिक्लेममध्ये बसतो का? हे उत्तर विमा कंपनीकडून लेखी घ्या.

दुखणं अंगावर काढून घरात बसू नका आणि पहिल्याच भेटीत सुईलाही होकार देऊ नका. ज्यांना व्यायाम शिकायचा आहे त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता क्लब हाऊसमध्ये यावं. शिकवायला सौ. स्वतः येणार आहेत, आणि त्या जिन्याने उतरून येतील.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला आपण सगळे आपल्या पायांनी चालत येऊ या.