बाण सुटल्यानंतर



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘तिरंदाजी’ छापला आहे. पण नेम कसा धरावा हे मी सांगणार नाही. बाण सुटल्यानंतर काय होतं, ते सांगणार आहे.

मी राहतो त्या विस्कॉन्सिन राज्यात धनुष्यबाणाने हरणाची शिकार कायदेशीर आहे. परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तेव्हा इथे कुणी प्रयोग करू नये!

बाण कापतो, रक्तस्रावानेच प्राणी मरतो. दोन्ही फुप्फुसं छेदली गेली, तरी हरीण शंभरेक मीटर धावू शकतं. मग झाडीत त्याला शोधायचं ते रक्ताच्या मागावरून. माग तुटला तर जनावर हालहाल होऊन कुठेतरी मरतं आणि मांसही वाया जातं. शिकाऱ्याला याहून मोठी नामुष्की नाही.

हा माग बाणाच्या निवडीवर बराच अवलंबून असतो. शिकारी मचाणावर बसतो, म्हणून बाण वरून शिरतो. आरपार गेला तर खालच्या बाजूला दुसरं भोक पडतं आणि रक्त जमिनीवर सांडतं. आतच अडकला तर रक्त छातीतच साचतं आणि पाचोळ्यावर थेंब दिसणंही कठीण.

आरपार जायला वजन हवं. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ४०० ग्रेन म्हणजे सुमारे २६ ग्रॅम, ६०० म्हणजे ३९. एकाच धनुष्यातून सोडले तर हलका बाण वेगाने जातो, पण दोघांची गतिज ऊर्जा जवळपास सारखीच असते. संवेग मात्र जड बाणाचा पाचव्या हिश्शाहून अधिक भरतो. विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहिलेलं सूत्र असं जंगलात भेटतं! अर्थात जड बाण लवकर खाली झुकतो. म्हणून अंतर कमी ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट पात्याची. आदळल्यावर उघडणारं पातं जखम रुंद करतं, पण उघडण्यात थोडी ऊर्जा खर्चते. धनुष्य हलकं असेल तर स्थिर पातं बरं. कोणतंही घ्या, धार वस्तऱ्यासारखी हवी.

आरपार गेलेला बाण पुढे बोलतोही. त्यावर फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस; अर्ध्या तासाने मागावर जावं. गडद रक्त म्हणजे बहुधा यकृत. काही तास थांबावं. हिरवट घाण लागली असेल तर पोट. आठ-दहा तास धीर धरावा, नाहीतर जखमी हरीण उठून दूर निघून जातं.

सुटलेला बाण परत येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलं. म्हणूनच वजन, पातं आणि धार यांची काळजी घरी बसून, आधीच घ्यायची. समोरच्या जिवाचं आपण तेवढं देणं लागतो.